मदत हवी आहे: 'रॅग्नारॉक'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. भाचीसाठी नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणातली जगाच्या अंताची कथा मराठीत लिहायला घेतलीय आणि शीर्षकापाशीच अडकलेय. 'रॅग्नारॉक' म्हणजे देवांची नियती. तेराव्या शतकात आइसलँडचा लेखक स्नोरी स्टर्लुसन याने हाच शब्द 'रॅग्नारॉक्कर' असा लिहिला, म्हणजे देवांची सांजवेळ. १८७६ साली रंगमंचावर आलेल्या जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेराच्या नावातही हाच अर्थ आहे.

'प्रलय' मला पटत नाही. पृथ्वी समुद्रात बुडते खरी, पण इथे आपलं मरण ठाऊक असूनही देव लढायला उतरतात. देवांचा प्रमुख ओडिन, त्याला फेनरिर लांडगा गिळतो. मेघगर्जनेचा देव थॉर महासर्पाला मारतो, नऊ पावलं चालतो आणि त्याच्या विषाने कोसळतो. ती नऊ पावलं लिहिताना माझा हात थांबला होता.

दुसरा प्रश्न शेवटाचा. 'व्होलुस्पा' या जुन्या काव्यात पृथ्वी पुन्हा हिरवीगार वर येते, आधी मेलेला देव बाल्डर परततो. काही अभ्यासकांना यात ख्रिस्ती छाया दिसते, आणि आजच्या बऱ्याच सिनेमा-गेम्समध्ये हा भाग गळतोच. मला तो ठेवावासा वाटतो. कुणी हे काव्य टीपांसह वाचलंय का? कोणता अनुवाद हाताशी ठेवू? आणि शीर्षकासाठी 'देवांची अखेर' कसं वाटतं?