ठाण्यातून अमेरिकेला साडेचार किलोचा दगड?? हे रॅगिंग तर नाही ना

घोडबंदरकर:
भाचीला कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये ॲडमिशन मिळालीये, गोल्डन नावाचं गाव आहे डेन्व्हरजवळ. सामानाच्या यादीत तिने लोणचं, कुकर आणि खाली "दगड, १० पौंड" असं लिहिलंय. म्हणे तिथे डोंगरावर मोठ्ठा एम आहे आणि फर्स्ट इयरवाल्यांनी आपापल्या गावचा दगड तिथवर चढवायचा असतो. ताईला टेन्शन आलंय. कुणाला माहितीये का? आणि एअरपोर्टवर अडवतील का?

सीवूड्सचा_पक्या:
रॅगिंग नाही हो काका, ताईंना सांगा निवांत राहा. माऊंट झायनवर तो एम १९०८ पासून आहे, नवीन पोरं दगड घेऊन चढतात, तिथे ठेवतात आणि सगळ्या एमला चुना मारतात, एकमेकांनाही फासतात, त्यामुळे चांगले कपडे घालून जाऊ नको म्हणावं. पास झाल्यावर वर जाऊन एक दगड परत आणायचा. आणि तो एम दिसतो सरळ पण आहे मुद्दाम वाकडातिकडा, उतार २३ अंशांचा आहे ना, खालून बघताना अक्षर दबकं दिसू नये म्हणून भूमितीने हिशोब करून आखलाय. इंजिनिअर लोक, दुसरं काय!

वाशी_लोकल:
उलट कॅलिफोर्नियात बर्कली युनिव्हर्सिटीच्या टेकडीवरचा सी तर मारामारी थांबवायला बांधला. चार्टर डेच्या (युनिव्हर्सिटीचा स्थापना दिवस) आदल्या रात्री फर्स्ट आणि सेकंड इयरवाले टेकडीवर एकमेकांना बदडायचे, ते बंद करून १९०५ मध्ये दोन्ही बॅचनी मिळून काँक्रीटचा सी केला. आता त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी स्टॅनफर्डवाले मॅचच्या आधी तो लाल रंगवून जातात, बर्कलीवाले परत पिवळा करतात 😄

नौपाडा_निवासी:
दगड चालतो पण माती अजिबात नको, ब्रशने घासून धुवा, कस्टम्सला विचारलं तर सरळ सांगायचं. बॅगेची लिमिट बहुतेक २३ किलो असते, म्हणजे पाचवा हिस्सा दगडातच गेला, कुकरचं काय ते बघा. आणि प्लीज येऊरहून उचलू नका, नॅशनल पार्क आहे ते. कुठेही खणलंत तरी आपल्याकडे काळा बेसॉल्टच निघणार, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. गंमत म्हणजे गोल्डनच्या टेबल माऊंटनच्या माथ्यावरही लाव्हाच आहे, साधारण त्याच काळातला. प्रोफेसर खूश होतील.

सीवूड्सचा_पक्या:
आपण पारसिकच्या डोंगरावर असं एक 'व' अक्षर करूया का 😂

वाशी_लोकल:
नको रे बाबा, खाणवाल्यांनी आधीच अर्धा डोंगर खाल्लाय. आणि चुना जूनच्या पहिल्या सरीत खाडीत, वर जुलैत गवत कमरेएवढं, अक्षर शोधायला ट्रेकर्स लागतील. तिकडे हवा कोरडी आहे म्हणून जमतं.

घोडबंदरकर:
थँक्स सगळ्यांना, ताईने वाचलं. दगडाचं पण सुटलं वाटतं, आमच्याकडे जुना वरवंटा आहे, काट्यावर ठेवला तर बरोबर साडेचारच्या आसपास. फक्त आई द्यायला तयार नाहीये, म्हणते परत आणणार असशील तर लिहून दे.