डेनालीवर छोट्या विमानातून फेरी: सत्तरीतल्या आईबाबांना न्यावं का?

सिएटलस्थित_सांगलीकर

नमस्कार मंडळी. आईबाबा सांगलीहून आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत, जूनच्या शेवटी त्यांना घेऊन अलास्काला जायचं ठरतंय. क्रूझ दोघांनाही नको (बाबांचं म्हणणं, बसून खायचंच असेल तर घर काय वाईट आहे), म्हणून अँकरेजला उतरून गाडी घ्यायची आणि डेनाली शिखराभोवतीच्या डेनाली नॅशनल पार्कपर्यंत जाऊन यायचं असा बेत आहे. पण पार्कची माहिती वाचायला घेतली तर कळलं की आतला एकुलता एक रस्ता ४३ व्या मैलापुढे बंद आहे, २०२१ मध्ये प्रिटी रॉक्सपाशी दरड जोरात सरकायला लागली तेव्हापासून, तिथे पूल बांधायला घेतलाय म्हणे. म्हणजे आयल्सन, वंडर लेक वगैरे जिथून डोंगर नीट दिसायचा तिथे बस जातच नाही.

मग ऑफिसातला एकजण म्हणाला की त्यापेक्षा टॉकीटना गावाहून छोट्या विमानातून डेनालीभोवती चक्कर मारा, ग्लेशियरवर (हिमनदीवर) उतरवतात पण. मी ऐकूनच तयार झालो, बायको पण, पण आईबाबांचं कळत नाहीये. बाबा ७१, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे कुरकुर करतात. आईला आंबा घाटात गाडी लागते, ती त्या एवढ्याशा विमानात काय करेल. आणि खर्च. लँडिंग धरून माणशी चारशे-पाचशे डॉलर दिसतायत, म्हणजे चौघांचे दोन हजार गेलेच, आईने रुपयांत हिशोब केला तर ती विमानाच्या आसपासही फिरकायची नाही.

तर लँडिंगवाली घ्यावी का नुसती फेरी? अँकरेजहूनच उडालो तर चालेल का, तेवढंच ड्रायव्हिंग वाचेल? आणि ढग असले तर पैसे बुडतात का? कोणी केलंय का प्लीज सांगा.

अँकरेजची_मावशी

आम्ही इथे बरीच वर्षं आहोत आणि भारतातून कोणी आलं की त्यांना टॉकीटनाला नेऊन आणायचं खातं माझ्याकडे असतं, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

घ्यायची तर लँडिंगवालीच घ्या. साधारण शंभर-एक डॉलर जास्त पडतात पण नुसतं वरून बघताना आकाराचा काही अंदाजच येत नाही हो, झाड नाही घर नाही माणूस नाही, डोळ्याने मोजायचं कशाशी? खाली उतरून बर्फावर उभं राहिलं आणि पायलट म्हणाला की समोरची ती काळी भिंत पाच हजार फूट आहे, की मग एकदम लक्षात येतं आपण कुठे आलोय ते. बऱ्याचदा रूथ ग्लेशियरवर उतरवतात, वरच्या अंगाला शेल्डन अँफिथिएटर नावाचं मोठं खोलगट मैदान आहे तिथे. त्याच्याच खाली ग्रेट गॉर्ज, दोन्ही बाजूंनी ग्रॅनाइटचे सरळसोट कडे आणि मधे ग्लेशियर. तिथला बर्फच जवळपास ३,८०० फूट जाड आहे असं मोजलंय, म्हणजे बर्फ काढला तर ती घळ ग्रँड कॅन्यनपेक्षा खोल निघेल. इंजिन बंद झालं की कानाला दडा बसल्यासारखं वाटतं इतकी शांतता. पंधरा-वीस मिनिटं देतात, बुटांवरून घालायचे मोठे बूट तेच देतात, गॉगल मात्र आपला न्या आणि विसरू नका, डोळे उघडवत नाहीत.

विमान बहुतेक ओटर असेल, डी हॅविलंडचं, १९५०-६० च्या काळात कॅनडात बनलेलं, आता टर्बाइन इंजिन बसवून चालवतात. दहाएक माणसं बसतात, सगळ्यांना खिडकी आणि हेडफोन. चाकंही असतात आणि स्कीही, धावपट्टीवरून चाकांवर उडतं आणि वर गेल्यावर पायलट स्की खाली घेतो. म्हणूनच अँकरेजच्या लेक हूडवरून पाण्यातून उडणारी फ्लोटवाली विमानं घेऊ नका, ती दिसायला फार गोड पण फ्लोट लावून ग्लेशियरवर उतरता येत नाही, आणि निम्मा वेळ तर डोंगरापर्यंत पोचण्यात जातो. टॉकीटनाला गाडीने अडीच तास धरा, रस्ता चांगलाय. तुमच्या आईंना गाडी लागत असेल तर अलास्का रेलरोडची गाडी पण तिथे थांबते.

बाबांच्या गुडघ्यांबद्दल, ओटर उंच असतं, चार-पाच पायऱ्यांची अरुंद शिडी चढावी लागते. हात द्यायला माणूस असतो, माझ्या सासूबाई पंचाहत्तरीत चढल्यात. वजन विचारतात, काही ठिकाणी काट्यावर उभं करतात, आणि कोण कुठे बसणार ते पायलट ठरवतो, त्यात रुसायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टॉकीटनात दोन रात्री काढा. पार्कवालेच सांगतात की उन्हाळ्यात येणाऱ्या तिघांतल्या एखाद्यालाच शिखर दिसतं. लोक येता येता सकाळी ११ चं बुकिंग करतात, दुपारी २ ला पुढे निघायचं असतं, ११ ला ढग, झालं. दोन रात्री असल्या की पहिल्या संध्याकाळचं बुकिंग करायचं, नाही जमलं तर दुसरा सगळा दिवस हाताशी आहे. जूनमध्ये रात्री ११ पर्यंत उजेड असतो, आठ वाजताच्या फेऱ्याही असतात आणि त्या उजेडात डोंगर जो काही दिसतो ना!! हवेमुळे त्यांनी रद्द केलं तर साधारणपणे पैसे परत मिळतात किंवा पुढची वेळ देतात, बुकिंग करताना तेवढं विचारून घ्या.

शंकेखोर_७७

मावशींनी चांगलं लिहिलंय पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो, राग नसावा. ही एका इंजिनाची विमानं आहेत, डोंगरात उडतात आणि हवा मिनिटात बदलते. ऑगस्ट २०१८ मध्ये टॉकीटनाहून उडालेलं बीव्हर विमान डेनालीजवळच्या थंडर माउंटनच्या कड्यावर आदळलं, पायलट आणि पोलंडचे चार प्रवासी, पाचही जण गेले. पायलटने सॅटेलाइट फोनवरून मदत मागितली होती, पण ढगांमुळे बचाव पथक वेळेत पोचू शकलं नाही. म्हातारी माणसं घेऊन जायचंय तर हे माहीत असलेलं बरं, एवढंच. मी स्वतः जाणार नाही. दोन हजार डॉलरमध्ये आईबाबांना सीवर्डहून बोटीने केनाई फ्योर्ड्स दाखवा, ग्लेशियर पण दिसतात, व्हेल पण दिसतात, आणि वर पैसे उरतात.

अँकरेजची_मावशी

@शंकेखोर, राग कसला, खरंच आहे ते. इथे कोणी लपवत पण नाही. म्हणूनच म्हणते, पायलट नको म्हणाला की नको. काउंटरवर “आम्ही इतक्या लांबून आलोय” म्हणून गळ घालणारे बघितले की मला इतकं लाजल्यासारखं होतं, आणि त्यात आपले लोक कमी नसतात. बोट छानच आहे पण गाडी लागणाऱ्या माणसाला सीवर्डच्या रेझरेक्शन बे ह्या खाडीच्या बाहेरच्या लाटा विमानापेक्षा जड जातील हो, तिथे तर सहा-सहा तास सुटका नाही.

कातळकडा

डोंगरवाला माणूस असल्याने राहवत नाही. आम्ही मित्र मे महिन्यात गेलो होतो, चढायला नाही, तेवढी ऐपत आणि फुफ्फुसं दोन्ही नाहीत, नुसते बघायला. डेनाली २०,३१० फूट, म्हणजे आपल्या हिमालयाच्या मानाने आकडा किरकोळ वाटतो, लेह-लडाख केलेला माणूस म्हणतो त्यात काय. पण हिमालयात आपण आधीच उंचावर उभे असतो. इथे टॉकीटना समुद्रसपाटीपासून साडेतीनशे फुटांवर आहे आणि तिथून तो डोंगर एकदम उभा राहतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे १८,००० फुटांचा चढ, एव्हरेस्टचा तसा धरला तर १२,००० च्या आसपास भरतो. विमानातून हे जितकं कळतं तितकं कुठूनच कळत नाही, कारण निघताना खाली जंगल, डबकी, त्यात एखादं मूस (मोठ्ठं हरीण) उभं असतं, सुसित्ना आणि चुलित्ना नद्यांच्या वेण्या दिसतात, मग ग्लेशियरचं तोंड येतं, ते चक्क घाणेरडं असतं, दगडमातीने भरलेलं, पहिल्यांदा वाटतं खाणच आहे कुठली तरी. मग हळूहळू पांढरं होत जातं आणि त्यावर लांबच लांब काळे पट्टे दिसायला लागतात. दोन ग्लेशियर एकत्र आले की त्यांच्या कडांचा दगडगोटा मधे येऊन एकत्र वाहतो, त्याचे ते पट्टे, जितके पट्टे तितके ग्लेशियर वरून येऊन मिळालेत असं मोजत बसायचं. उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याची निळी डबकी पण दिसतात, तो निळा फोटोत खोटा वाटतो.

रूट पायलट हवेप्रमाणे ठरवतो पण विचारून बघा काहिल्टना बाजूने नेतात का. हा ग्लेशियर ४४ मैल लांब आहे आणि त्यावर ७,२०० फुटांवर गिर्यारोहकांचा बेस कॅम्प असतो, जूनमध्ये गर्दीचा सीझन, वरून रंगीत तंबूंचे ठिपके दिसतात. १९५१ मध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्न हे गिर्यारोहक वेस्ट बट्रेस नावाच्या वाटेने पहिल्यांदा डेनाली चढले तेव्हा टेरिस मूर नावाच्या माणसाने त्यांना स्की लावलेल्या विमानातून काहिल्टनावर उतरवलं होतं, आणि हे मूर त्या वेळी अलास्का युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष होते!! आपल्याकडचे कुलगुरू आठवले आणि हसू आलं. त्याच्या कितीतरी आधी लोक पायी आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन आठवडेच्या आठवडे चालत पायथ्याला यायचे, १९१३ ची पहिली चढाई तशीच झाली, आणि माथ्यावर पहिलं पाऊल ठेवलं वॉल्टर हार्परने, तो तिथलाच, आई अथाबास्कन, म्हणजे अलास्कातल्या मूळ रहिवाशांपैकी. टॉकीटनाच्या स्मशानात गिर्यारोहकांचं स्मारक आहे, ढग असले तर तिकडे चालत जाऊन या, जवळच आहे.

फोटोचं: लेन्सवरचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, खिडकी प्लास्टिकची असते, इंद्रधनुष्यासारखे डाग येतात. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा घातला की काचेत आपलंच पोट दिसतं. लेन्स काचेला टेकवू नका, थरथर उतरते. ड्रोन नेऊच नका, नॅशनल पार्कांत बंदी आहे.

सिएटलस्थित_सांगलीकर

बापरे, एवढं सगळं!! थँक्यू सगळ्यांना. बाबांना कातळकडांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, ते आता कुलगुरूंवरच बोलतायत. शंकेखोर, तुमचं पण वाचून दाखवलं, त्यांचंच ठरू दे म्हटलं. बाबा हो म्हणाले, आई म्हणाली “हे म्हणतात तर जाऊ”, म्हणजे नक्की काय ते देव जाणे. आता आईच्या मळमळीचं आणि बाबांच्या बीपीचं कोणीतरी सांगा. आणि ती शिखराच्या वरून जाणारी फेरी पण दिसतेय साइटवर, ऑक्सिजन लावून, ती कशी असते?

डॉ_गुळवणी

डॉक्टर आहे पण तुमच्या बाबांची नाही, त्यामुळे जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलाच. मोघम सांगायचं तर ह्या विमानांत प्रवासी विमानासारखी केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसते, बाहेर जी उंची तीच आत. लँडिंगच्या फेऱ्या दहा-बारा हजार फुटांच्या आसपास थोडा वेळ जातात, बीपी आटोक्यात असलेल्या माणसाला बहुधा अडचण येत नाही. शिखरावरची फेरी वीस हजार फुटांवर जाते, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसावं लागतं, ७१ व्या वर्षी बीपी असताना तो हौसेचा भाग मी तरी सोडून देईन. त्यात लँडिंगची मजा पण नसते बऱ्याचदा.

आईंचं: मळमळीची गोळी उडायच्या तासभर आधी द्या, विमानात बसल्यावर घेऊन उपयोग नाही. भारतातून अ‍ॅव्होमिन आणली असेल तर तिने झोप फार येते, एवढे पैसे देऊन त्या घोरत राहतील, शिवाय बाकीची औषधं चालू असतील तर आधी विचारून. उपाशी पोटी नेऊ नका, दोन इडल्या-बिडल्या खाऊन, चहा कमी. शक्य असेल तर सकाळची किंवा संध्याकाळची वेळ घ्या, भर दुपारी ऊन तापलं की धक्के जास्त बसतात. आणि त्यांना सांगा फोनवर व्हिडिओ काढत बसू नका, स्क्रीनमध्ये बघितलं की हमखास लागतं. लांबचा डोंगर बघायचा. आवळा सुपारी चालेल, औषध म्हणून नाही, धीर म्हणून.

नाशिकची_चिवडेवाली

मी नेपाळची एव्हरेस्टवाली माउंटन फ्लाइट केलीय आईबाबांबरोबर. सकाळी काठमांडूहून तासाभराची, प्रत्येकाला खिडकी, डोंगर बाजूने दिसतात, उतरत वगैरे नाही. विमान मोठं होतं आणि आत दाब असतो त्यामुळे आईला काहीच झालं नाही. ज्यांना हे छोट्या विमानाचं झेपणार नाही असं वाटतं त्यांनी ते करावं, खर्च पण कमी. पण वरचं सगळं वाचून आता ग्लेशियरवर उभं राहायचंय मला 😭

अँकरेजची_मावशी

@सांगलीकर, दोन सुट्या गोष्टी. लँडिंगच्या फेरीला पार्कची फी वेगळी लागते, माणशी १५ डॉलर, काहीजण तिकिटात धरतात काही नाही. आणि ऑगस्टवर ढकलू नका, उन्हाळा सरत आला की खालचा बर्फ मऊ होतो, भेगा उघड्या पडतात, मग लँडिंग बंद करतात किंवा आणखी वरच्या ग्लेशियरवर नेतात. जूनचा शेवट बेस्ट आहे, फक्त त्या दिवसांत हॉटेलं लवकर भरतात, विमानाच्या आधी खोली बघा. खोली नाही मिळाली तर मला मेसेज करा, टॉकीटनाच्या अलीकडे दोन-तीन बऱ्या जागा माहीत आहेत.

सिएटलस्थित_सांगलीकर

खोली बुक झाली, दोन रात्री. फेरीचं पहिल्या दिवशी संध्याकाळी सातचं घेतलंय लँडिंगसकट, हवा खराब असली तर दुसऱ्या दिवशी सकाळी बसवतील असं फोनवर म्हणाले. चौघांची वजनं विचारली. आईने स्वतःचं चार किलो कमी सांगितलं, मी फोनवर हळूच दुरुस्त केलं.