मदत हवी आहे: एमआरआय सुधारला, तरी डॉक्टर खूश का नाहीत? ग्लिओब्लास्टोमा आणि बेव्हासिझुमॅबबद्दल

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे रोमातच (नुसती वाचत) असते, आज विचारायची वेळ आली.

बाबा ५९ वर्षांचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गेल्या जूनमध्ये मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, बायोप्सीत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर, ग्रेड ४. मग ३० दिवस लाईट (रेडिएशन), सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या, नंतर दर महिन्याला पाच दिवस गोळ्या असे सहा कोर्स. मार्चअखेरच्या एमआरआयमध्ये गाठ परत दिसली. उजवा हात ढिला पडला, बोलताना शब्द सापडेनात. दुसरं ऑपरेशन नको असं ट्यूमर बोर्डात, म्हणजे डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, ठरलं आणि बेव्हासिझुमॅब सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून देतात. वजन ६० किलो म्हणून ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० ची एक आणि १०० च्या दोन कुप्या. चार डोस झालेत.

दुसऱ्या डोसनंतर एका सकाळी बाबांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं, पण आईने ते दिवसभर तसंच राहू दिलं. डेक्सामेथासोन (सुजेसाठीचं स्टिरॉइड) दिवसाला १६ वरून ४ मिलिग्रॅमवर आलं. परवा एमआरआय झाला. मार्चच्या फिल्मवर लिंबाएवढं पांढरं कडं होतं, ते जवळजवळ गेलंय! आम्ही पेढे आणायच्या बेतात. डॉक्टरांनी मात्र दुसऱ्याच एका फिल्मवर बोट ठेवलं, तिथला धुरकट पांढरा पट्टा थोडा पसरलाय म्हणाले, आणि "एवढ्यात खूश होऊ नका". ओपीडीत मागे ही गर्दी, पुढे काही विचारायला जीभ रेटली नाही.

हे औषध गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखतं, एवढं मला कळलंय. मग रसद तुटल्यावर गाठ मरायला हवी ना? चुलतभाऊ जर्मनीत असतो, तो म्हणतो युरोपात या आजारासाठी याला परवानगीच नाही. आम्ही भलत्याच औषधामागे लागलोय का? बाबांचा प्रश्न त्याहून साधा आहे: "पाइप बंद केला, की नुसती गळती थांबवली?"

बाकी ठीक. बीपी अधूनमधून १५० च्या पुढे जातं. दाढ दुखतेय, ती शनिवारी काढून घेणार आहोत.

तिसरा_मजला

बाकीचं नंतर. आधी ती दाढ थांबवा! या औषधावर असताना जखम लवकर भरत नाही, रक्तस्रावही होऊ शकतो, जबड्याच्या हाडाला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. मोठ्या ऑपरेशनआधी आणि नंतर निदान २८ दिवस औषध देत नाहीत. दातवाल्यांना या औषधाचं नाव सांगितलंय का? आजच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत आहे, तुमच्या बाबांची फाइल पाहिलेली नाही. पण त्यांचं उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे: मुख्यतः गळती थांबवली.

ही गाठ इतक्या वेगाने वाढते की मधल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, म्हणजे आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना "इकडे फांद्या काढा" असा सांगावाच. काचपट्टीवर हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. मध्ये मेलेला भाग, त्याच्या कडेने पेशी कुंपणासारख्या दाटीने उभ्या, आणि जवळपास रक्तवाहिन्यांचे गुंतलेले गुच्छ, मूत्रपिंडातल्या गाळणीसारखे. ग्रेड ४ ठरवताना आम्ही नेमक्या याच दोन खुणा शोधतो. बाबांच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये "मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन" (बारीक रक्तवाहिन्यांची ही वाढ) हे शब्द आहेत का बघा, बहुधा सापडतील.

नव्या रक्तवाहिन्यांशिवाय गाठ दोनेक मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. तुम्ही म्हणता ती रसद तोडण्याची गोष्ट तिथलीच. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो १९८३ चा शोध. सेंगर आणि ड्वोरॅक यांना गाठीच्या पेशींतून असं द्रव्य मिळालं, ज्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात. १९८९ मध्ये लक्षात आलं की हे आणि व्हीईजीएफ एकच! एकाच रेणूची दोन कामं, फांद्या फोडायच्या आणि भिंती पाझरवायच्या. मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्या फार घट्ट असतात, गाठीतल्या या नव्या मात्र वेड्यावाकड्या आणि गळक्या. पाणी झिरपून मेंदूला सूज येते, आणि हात ढिला पडण्यात, शब्द अडण्यात या सुजेचा वाटा मोठा असतो. बेव्हासिझुमॅब व्हीईजीएफला धरून ठेवतं, काही दिवसांत पाझर कमी होतो, सूज ओसरते. बटणं लागली ती यामुळे.

आता गाठ उपाशी का मरत नाही? कारण मेंदूत आधीच रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. या पेशी त्या जुन्या वाहिन्यांच्या कडेकडेने सरकतात, त्यांना नवी वाट काढायची गरजच पडत नाही. शिवाय वाहिन्या वाढवणारे संदेश व्हीईजीएफखेरीज आणखीही आहेत. एक नळ बंद केला इतकंच.

पांढरंकाळं

रेडिओलॉजीकडून थोडी भर. एमआरआयच्या वेळी हातातून जे इंजेक्शन देतात, ते जिथे रक्तवाहिनीतून बाहेर झिरपतं तिथे पांढरं दिसतं. म्हणजे ते कडं झिरपण्याचा नकाशा असतं, गाठीची सगळी हद्द नव्हे. औषधाने झिरपणं थांबलं की कडं पुसट होतं, पेशी कमी झाल्या असोत वा नसोत. याला आम्ही स्यूडोरिस्पॉन्स, म्हणजे फसवा प्रतिसाद, म्हणतो. डॉक्टरांनी दाखवलेली दुसरी फिल्म बहुतेक फ्लेअरची, म्हणजे एमआरआयच्याच एका वेगळ्या पद्धतीची, असेल. तिच्यात इंजेक्शन न झिरपताही पसरणारा भाग दिसतो. पण तिथे सूज, लाईटचा परिणाम आणि गाठ, तिन्ही पांढरीच दिसतात, म्हणून एका फिल्मवर निकाल देत नाहीत. उपचार लागू पडतोय का हे ठरवण्याच्या २०१० पासूनच्या रानो निकषांत कड्यासोबत फ्लेअर, स्टिरॉइडचा डोस आणि पेशंटची अवस्था हेही धरतात. पुढच्या वेळी जुनी सीडी न विसरता न्या. तुलना सीडीवर नीट होते, रिपोर्टच्या कागदावरून होत नाही.

हिरवंगार

हळद, ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया. हे सगळं नैसर्गिकरीत्या नव्या रक्तवाहिन्या थांबवतं. औषधं बंद करून तीन महिने करून पाहा.

काचपट्टी

@हिरवंगार, प्रयोगशाळेतल्या बशीत बऱ्याच गोष्टी रक्तवाहिन्या थांबवतात. भाजीत हळद जरूर घाला, पण डेक्सामेथासोन एकदम बंद करायला सांगू नका, ते जिवावर बेतू शकतं.

उंबरठा

कृष्णाकाठ ताई, माझ्या मिस्टरांना हेच होतं. तेरा डोस झाले. युरोपचं तुमचे बंधू म्हणतात ते खरं आहे, तिथल्या औषध संस्थेने २००९ मध्ये नकार दिला. अमेरिकेने त्याच वर्षी अटींवर आणि २०१७ मध्ये पूर्ण परवानगी दिली. २००९ मध्ये आकडे साधारण तेच, वाचणारे दोन. आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: गाठ परत आलेल्या ४३७ जणांच्या नंतरच्या अभ्यासात लोमस्टिन या केमोच्या औषधाला हे औषध जोडल्यावर आजार १.५ ऐवजी ४.२ महिने आटोक्यात राहिला, पण एकूण आयुष्य ८.६ च्या जागी ९.१ महिने, म्हणजे हिशेबात फरक नाहीच. हे मधले आकडे आहेत (निम्मे जण याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे), तुमच्या बाबांचं भविष्य नव्हे. तो कागद मी बरेच दिवस कुणाला दाखवला नाही.

पण स्टिरॉइड कमी झालं याला हलकं लेखू नका. मोठ्या डोसवर ह्यांना खुर्चीतून उठता येत नव्हतं, साखर ३०० च्या वर, रात्र रात्र जागे. या औषधाने आम्हाला घरात चालणारा, चिडणारा, चहात साखर मागणारा माणूस साडेपाच महिने मिळाला. मी परत तोच निर्णय घेईन. दुसरं कुणी घेणार नाही, तेही समजू शकते.

बीपी रोज मोजून वहीत लिहा, या औषधाने ते वाढू शकतं. लघवीतलं प्रोटीन तपासतात ना? पोटरी एकाच बाजूची सुजली, पोटात अचानक जोरात दुखलं, धाप लागली, डोकं नेहमीपेक्षा वेगळंच दुखू लागलं, तर पुढच्या डोसची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. तिसरा_मजला, तुमचे किती मानू! फोन केला, दाढ काढणं रद्द. डॉक्टर म्हणाले आधी अँटिबायोटिकने बघू, काढावीच लागली तर औषध थांबवून. बीपीची गोळी सुरू केली, सोमवारी डोसआधी लघवी तपासणार आहेत. रिपोर्टमध्ये ते शब्द आहेत, दुसऱ्या पानावर. गेलं वर्षभर फाइल माझ्याच पिशवीत होती.

उंबरठा ताई, ते आकडे मी आईला सांगितले नाहीत. बाबांनी विचारलं म्हणून त्यांना सांगितले. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे गॅस्केट बदललंय, इंजिन तेच." आणि मग रविवारी नदीवर न्यायचं कबूल करून घेतलं.