मदत हवी आहे: ऑटोक्रॉसमध्ये गोल्फ आर लांब वळणावर बाहेर का सरकते?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि गेल्या वर्षीपासून माझ्या २०१८ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर या गाडीने ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये भाग घेत आहे. आतापर्यंत सात स्पर्धा झाल्या असून त्यांपैकी पाचांमध्ये मी माझ्या वर्गात शेवटून दुसरा आलो. घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे हे मला एकट्याला उलगडेनासे झाले आहे, म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटले की मातीचा ट्रॅक आणि धुरळा डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र एखादे प्रशस्त डांबरी वाहनतळ किंवा वापरात नसलेली धावपट्टी घेऊन तिच्यावर नारिंगी शंकूंनी वाट आखतात आणि प्रत्येक गाडी एकटीने, घड्याळाशी स्पर्धा करत, ती वाट पार करते. (या शंकूंना सगळे जण ‘कोन’ म्हणतात, परंतु मला पुढे चाकांच्या कोनाविषयीही लिहायचे असल्याने घोटाळा नको म्हणून मी शंकूच म्हणेन.) एक शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात आणि एखादे फाटक (दोन शंकूंमधली ठरलेली वाट) चुकले की ती फेरीच बाद होते. पाऊण-एक मिनिटाच्या या फेरीत गाडी बहुतेक वेळ दुसऱ्याच गियरमध्ये असते, त्यामुळे सरळ रस्त्यावरच्या कमाल वेगाचा इथे काही उपयोग नाही.

गाडी सहा गियरची मॅन्युअल आहे. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २९२ अश्वशक्ती, चारही चाकांना शक्ती आणि सुमारे १,५०० किलो वजन. मूळची १९ इंची चाके घरी ठेवून मी तेवढ्याच रुंदीची १८ इंची चाके घेतली असून त्यांवर २०० ट्रेडवेअरचे (ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा अंक; तो कमी तितके रबर सहसा मऊ) टायर बसवले आहेत. याखेरीज गाडी जशी कारखान्यातून आली तशीच आहे आणि मी एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) स्ट्रीट श्रेणीत, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांमध्ये, धावतो.

सुरुवात उत्तम होते. हिरवा झेंडा दिसताच गाडी चारही पायांनी जमीन पकडून झेपावते आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मी तिथेच मागे टाकतो. शंकूंमधून नागमोडी जातानाही ती ठीक वागते. पण लांब वळण आले की सगळे बिघडते. गेल्या स्पर्धेत दिव्याच्या खांबाला वळसा घालणारे, जवळजवळ अर्धवर्तुळाकार, डावे वळण होते. मी त्यात शिरलो, स्टिअरिंग वळवले, गाडीचे नाक मात्र बाहेरच चालले होते. आणखी वळवले तर टायर कण्हू लागले. आणखी वळवले तर रबराचा वास आला आणि बाहेरच्या रांगेतला पाचवा शंकू उजव्या दारावर आपटून उडाला. शेवटी वैतागून ॲक्सिलरेटर दाबला, या आशेने की मागची चाके ढकलतील आणि गाडी वळेल, तर ती आणखीच सरळ निघाली. पाचही फेऱ्यांत हेच झाले.

रेस मोड आणि पूर्ण बंद केलेले ईएससी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) हे दोन्ही उपाय करून पाहिले. एका टायर दुकानदाराने हवा कमी ठेवली की पकड वाढते असे सांगितल्याने पुढच्या टायरमध्ये ३२ पीएसआय ठेवली, पण काही फरक जाणवला नाही. आता मित्र म्हणतात की मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारी दांडी) जाड बसव, काही म्हणतात गाडीच विकून टोयोटाची जीआर कोरोला घे. खर्च करण्याआधी मला इतकेच समजून घ्यायचे आहे की हा दोष चारही चाकांना शक्ती देणाऱ्या यंत्रणेचा आहे, टायरचा आहे, की माझा आहे. नाचता येईना अंगण वाकडे अशी माझी गत असेल तर तेही स्पष्ट सांगावे, राग येणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद – मिशिगनकरीण

तुमच्या प्रश्नातील ‘मागची चाके ढकलतील’ या वाक्यापाशी मी थबकले, कारण गैरसमजाचे मूळ मला तिथेच दिसते. सर्व ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह’ गाड्या एकसारख्या नसतात. तुमच्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले आहे आणि पुढची चाके गिअरबॉक्सला कायम जोडलेली आहेत. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरपेटीच्या) तोंडाशी तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा एक क्लच असतो. ही पाचव्या पिढीची हालडेक्स यंत्रणा. विजेवर चालणारा छोटा पंप तेलाचा दाब निर्माण करतो, त्या दाबाने चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि मग शक्ती मागे जाते. हा क्लच पूर्ण आवळला तरी फार तर पुढची आणि मागची धुरा एकमेकींना घट्ट बांधल्या जातात. मागची चाके पुढच्यांपेक्षा अधिक जोराने फिरवण्याची सोय त्यात नाही. त्यातून मागचे डिफरन्शियल साधे, म्हणजे लॉक नसलेले. तेव्हा वळणात ॲक्सिलरेटर दाबून गाडीची शेपटी बाहेर काढण्याची अपेक्षा या गाडीकडून करू नये. तुम्ही दाबता तेव्हा वजन मागे सरकते, आधीच बेजार झालेल्या पुढच्या टायरवरचा भार हलका होतो आणि त्याच वेळी त्यांना वळण्यासोबत ओढण्याचेही काम लागते. नाक बाहेर जाणारच.

तुलनेसाठी सांगते. २०१६ ते २०१८ या काळातल्या फोर्ड फोकस आरएसमध्ये मागे दोन स्वतंत्र क्लच होते, ७० टक्क्यांपर्यंत शक्ती मागे जाई आणि तीही हवी त्या एका चाकाला देता येत असे. २०२३-२४ च्या जीआर कोरोलामध्ये पुढे ३० आणि मागे ७० टक्के अशी विभागणी चालकाला निवडता येई, आणि ज्या आवृत्त्यांत पुढे-मागे टॉर्सन डिफरन्शियल (पकड असलेल्या चाकाला अधिक जोर देणारे) आहेत त्या वळणातून बाहेर पडताना खरोखरच वेगळ्या वागतात. मात्र तुमची गाडी वळणात शिरतानाच सरकते आहे, आणि तो आजार कोरोला घेऊन बरा होणार नाही. तो आजार तुमच्यासोबत नव्या गाडीत जाऊन बसेल.

आणखी एक गोष्ट. वळणात आतले चाक हलके होऊन जागीच फिरू लागले की एक्सडीएस यंत्रणा त्याला ब्रेक लावते, आणि ईएससी बंद केले म्हणून ती यंत्रणा बंद होईल असे समजू नका. अशा गाडीत वळणात दामटून ॲक्सिलरेटर दाबणे म्हणजे एका हाताने ओढणे आणि दुसऱ्या हाताने थोपवणे. दोन फेऱ्यांच्या मधे पुढची चाके गरम लागत असतील तर त्याचा थोडा वाटा यातही आहे.

प्रतिसाद – लिंकनचा वारकरी

दर सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनला एससीसीएच्या राष्ट्रीय स्पर्धेची वारी करतो, म्हणून हे नाव. यंत्रणेविषयी ताईंनी सांगितले आहे, मी टायर आणि नियमांपुरते बोलतो.

दुकानदाराचा सल्ला मातीत किंवा वाळूत ठीक असेल, डांबरावर पुढचे नाक जड असलेल्या गाडीसाठी तो उलटा आहे. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले खांब) आहेत आणि चाकाचा कॅम्बर कोन, म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेशी असलेला कल, कारखान्यातून जेमतेम उणे अर्धा अंश असतो. गाडी वळणात कलली की बाहेरचे चाक कडेवर उभे राहते. त्यात हवा कमी असली की टायरची भिंत दुमडते आणि तुम्ही अक्षरशः टायरच्या कानावर गाडी चालवता. खात्री करायची असेल तर पांढरे बूट पॉलिश घ्या आणि टायरच्या खांद्यापासून भिंतीपर्यंत बोटभर रुंद पट्टा ओढा. टायरच्या भिंतीवर बारीक त्रिकोणी खूण असते. फेरीनंतर पॉलिश त्या खुणेपर्यंतच पुसले गेले असेल तर हवा बरोबर आहे, खुणेच्या खाली भिंतीपर्यंत पुसले असेल तर हवा कमी आहे. तुम्ही गरम टायरवर ३८ ते ४० पासून सुरुवात करा आणि पट्टा पाहून एकेका पीएसआयने खाली या. मागे थोडी वेगळी हवा ठेवून शेपटी किती हलते तेही पाहता येईल.

स्ट्रीट श्रेणीत कॅम्बर प्लेट (स्ट्रटच्या माथ्याशी बसवून हा कोन बदलणाऱ्या पट्ट्या) चालत नाहीत, त्या बसवल्या की तुम्ही वरच्या श्रेणीत जाऊन अधिक बदल केलेल्या गाड्यांच्या तोंडी जाल. परंतु मागचे अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) कारखान्याच्या मर्यादेत बदलता येते, कारण तिथे फिरवले की चाकाचा कोन बदलणारे बोल्ट आहेत. मागचा कॅम्बर मर्यादेत जितका कमी होईल तितका कमी आणि टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) शून्य करून घ्या. रस्त्यावर पावसात थोडे जपून चालवावे लागेल. अँटी-रोल बार एक बदलण्याची मुभा आहे, पण तो शेवटी घ्या, सुरुवातीला नको. जाड बार लावून गाडी वळू लागली की आपण चालवायला शिकलो असा भ्रम होतो. हा माझाच अनुभव आहे, दोन वर्षे गेली.

आणि सर्वांत स्वस्त उपाय राहिलाच. पुढच्या स्पर्धेत एखाद्या मुरलेल्या चालकाला तुमची गाडी चालवायला द्या आणि शेजारी बसा.

अद्यतन – मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी स्पर्धा झाली, त्याचा वृत्तांत देतो.

सकाळी अलाइनमेंटचा भाग अजून झालेला नव्हता, केवळ हवा ३९ केली आणि चारही टायरवर बूट पॉलिशचे पट्टे ओढले. (शेजारच्या माझदा मियाटा गाडीवाल्याने लग्नाची तयारी आहे का असे विचारले.) पहिल्या फेरीनंतर पट्टे बरोबर त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसले गेले होते. आधीच्या स्पर्धांत वापरलेल्या टायरच्या जुन्या जोडीच्या भिंती नंतर घरी नीट पाहिल्या तर त्रिकोण पूर्ण घासून गेलेले होते, म्हणजे मी सात स्पर्धा टायरच्या कानावरच केल्या.

माझी सर्वोत्तम वेळ ४७.८ सेकंद आली. त्यानंतर आमच्याकडच्या एका प्रशिक्षकांनी त्याच गाडीत, त्याच टायरवर, मला शेजारी बसवून ४५.५ सेकंदांत फेरी पूर्ण केली. दोन सेकंद आणि वर. या खेळात तेवढ्यात निम्मा वर्ग मावतो. मी शेजारी बसून केवळ त्यांचे हात पाहत होतो. लांब वळणाआधी त्यांनी मला भित्रेपणा वाटावा इतक्या लवकर ब्रेक लावला, मग ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सैल करत स्टिअरिंग वळवले, त्यामुळे नाकावरचे वजन नाकावरच राहिले आणि गाडी आत ओढली गेली. मग त्यांनी काहीच केले नाही. हात जागच्या जागी, पाय जवळजवळ अधांतरी, आणि मला वाटत होते की हे दाबत का नाहीत. वळणाचा शेवटचा शंकू दारासमोरून सरकल्यावर स्टिअरिंग सरळ करता करता त्यांनी पाय खाली नेला, आणि तिथे मात्र ही गाडी चारही चाकांनी अशी सुटली की माझे डोके मागे आपटले. माझ्या फेरीत त्याच जागी मी पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर ॲक्सिलरेटर दाबून बसलेला असतो.

त्यांचे दुसरे निरीक्षण असे की मी समोरच्याच शंकूकडे पाहतो. त्यांनी मला वळणात शिरतानाच डाव्या खिडकीतून पलीकडचे फाटक पाहायला लावले. मान दुखते, पण पुढच्या फेरीत वेळ ४६.९ वर आली आणि एकही शंकू पडला नाही.

तेव्हा गाडी विकत नाही आणि बारही तूर्त घेत नाही. मागच्या अलाइनमेंटची वेळ घेतली आहे. एक शंका मात्र नव्याने आली आहे. त्या दिवशी एकाच गाडीत दोघे आळीपाळीने धावल्याने टायर इतके तापले की शेवटच्या फेरीत पकड सैल पडली. शेजारी मंडळी हातपंपाच्या फवाऱ्याने टायरवर पाणी मारत होती. आई सध्या इथे आली आहे आणि तिने तुळशीसाठी घेतलेला तसाच दोन गॅलनचा फवारा घरात आहे. तो चालेल का, की त्यासाठी काही विशेष प्रकार मिळतो?

प्रतिसाद – लिंकनचा वारकरी

तोच चालतो, सगळे तोच वापरतात. टायर फिरवत फिरवत सर्व बाजूंनी पाणी मारा आणि रांगेत लागण्यापूर्वी टायरचा जमिनीला टेकणारा भाग पूर्ण सुकू द्या, नाहीतर सुरुवातीलाच चाके घसरतील. मात्र बागकामाच्या दुकानातून नवा फवारा आणा आणि तुळशीचा तुळशीला परत द्या. टायरच्या काळ्या पाण्याचा ओघळ वृंदावनावर आला तर त्यावर या धाग्यावर कोणाकडेही उत्तर नाही.