शब्दचर्चा : ‘वारसा’, ‘वळण’ आणि ‘लाभार्थी’

नौपाडा, ठाणे :
नॉर्वेतील एका अभ्यासाची मराठीत ओळख करून देताना एका शब्दापाशी अडलो आहे. अपंगत्वाच्या वेतनाचा अर्ज आधी नामंजूर झालेले लोक तिथे अपिलात जातात, आणि कोणाचे प्रकरण कोणत्या न्यायाधीशाकडे जाईल हे योगायोगावर असते. काही न्यायाधीश सढळ, काही हात आखडणारे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, आईला किंवा वडिलांना अपिलात मंजुरी मिळाली की पुढील पाच वर्षांत त्यांच्या सज्ञान मुलांत असे वेतन घेणारे शंभरामागे सहा जण वाढतात आणि दहा वर्षांनी ही वाढ बारावर जाते. अभ्यासक याला घरातले ‘वेल्फेअर कल्चर’ म्हणतात. ‘कल्याण संस्कृती’ लिहावे, तर ठाण्याच्या वाचकाला आधी स्लो लोकल आठवेल. ‘पिढीजात ऐतखाऊपणा’ चालेल का?

घणसोली, नवी मुंबई :
माझ्या मते चालणार नाही. ‘ऐतखाऊ’ म्हणजे दुसऱ्याने शिजवलेले बसून खाणारा. त्यात निवाडा आधीच झालेला असतो, आणि आपण सांगितलेल्या अभ्यासात तर माणूस अर्ज करतो, नकार पचवतो आणि अपिलात उभा राहतो. ‘पिढीजात’ हा शब्दही फसवा आहे. ‘खाण तशी माती’ म्हणताना आपण गुण रक्तातून येतो असे धरून चालतो. पण योगायोगाने सढळ न्यायाधीश मिळालेल्या घराचे रक्त कडक न्यायाधीश मिळालेल्या घरापेक्षा वेगळे असण्याचे काहीच कारण नाही. म्हणून ‘आनुवंशिक’ हा शब्द तर इथे नेमका चुकीचा ठरेल.

मला ‘वळण’ जवळचे वाटते. वळण लावावे लागते, ते बिघडते आणि मोडताही येते. शिवाय त्यात रस्त्याचे वळणही आहे : कोणत्या खिडकीवर जायचे आणि कोणता दाखला आधी काढायचा हे ज्या घरात माहीत असते, त्या घरातले मूल ती वाट बिचकत चालत नाही. यात आळस असेलच असे नाही.

आमच्याकडचे उदाहरण देतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, आणि आमच्या गावांच्या जमिनी त्यानंतर शहरासाठी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली आणि ‘साडेबारा टक्के’ हे आमच्या बोलण्यात चक्क नाम होऊन बसले. ‘तुमचे साडेबारा टक्के झाले का?’ असे आजही विचारतात. जमीन आजोबांची गेली, पण प्रकल्पग्रस्ताचा दाखला नातू प्लास्टिकच्या पिशवीत जपतो. याला मी ‘वारसा’ म्हणेन, कारण वारशात हक्क येतो. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. आणि गिळलेल्याच्या नातवाला कोणी ऐतखाऊ म्हटले, तर गावात त्याला चहा मिळणार नाही.

वागळे इस्टेट, ठाणे :
दोन्ही शब्दांत एक बाजू सुटते असे मला वाटते. सरकारी मदतीतून कामाचे मोलही मुलांकडे जाऊ शकते. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेले होते, आणि पुढे ठाण्याच्या कारखान्यात लागल्यावरही त्यांच्या तोंडी ‘मस्टर’, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, हा शब्द कायम राहिला. परीक्षेच्या दिवसांत मी पहाटे उठलो नाही, तर पांघरूण ओढून ते म्हणत, “आज मस्टरवर नाव नाही वाटतं तुझं!” ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तिथे मदत आणि मेहनत हे एकमेकांविरुद्धचे शब्द मानणे मला अवघड जाते. घरच्या या शिकवणीला मी ‘बाळकडू’ म्हणेन : कडूच, पण पोटात जाणारे.

नौपाडा, ठाणे :
‘वळण’ स्वीकारतो, शीर्षक ‘मदतीचे घरगुती वळण’ असे करतो. ‘बाळकडू’ मोहवते, पण अभ्यासातली मुले सज्ञान आहेत आणि बाळकडू तान्ह्या वयातले, म्हणून ते सोडतो. राहिला ‘लाभार्थी’. विद्या इच्छिणारा तो विद्यार्थी, त्या हिशेबाने लाभार्थी म्हणजे लाभ मिळालेला नव्हे, तर लाभाची इच्छा धरणारा. २०२४ मध्ये दरमहा १५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आल्यापासून हा शब्द घराघरांत ऐकू येतो, आणि पैसे खात्यात जमा झालेल्या बाईलाही आपण त्यातून मागणारीच ठरवतो. ‘हक्कदार’ लिहावेसे वाटते.

घणसोली, नवी मुंबई :
‘हक्कदार’ लिहिलेत, तर अपिलात हरलेल्याला काय म्हणाल? निकाल लागेपर्यंत दोघेही लाभार्थीच होते, आणि त्या टप्प्यापुरता तो शब्द अगदी चोख बसतो. मंजुरीनंतर मात्र सरळ ‘वेतन घेणारे’ लिहावे.

नौपाडा, ठाणे :
पटले. तसाच बदल करतो.