आईबद्दल लिहिलंय, पण लोकांपुढे वाचायला मन धजत नाही

घरकुलातली

नमस्कार. मी सोलापूरची, कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मात्र मराठी माध्यमाची झाली. रात्री जेवणं उरकली की लिहीत बसते. कथा-कविता नाही, जे बघितलंय तेच.

त्यातलं एक लिखाण विड्या वळणाऱ्या आईच्या सकाळवर आहे. रात्रभर भिजलेली पानं ओल्या गोणपाटातून काढायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची आणि सूप मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसायचं. शेजारणीशी बोलताना, माझे पाढे ऐकताना, बाबांशी भांडतानासुद्धा तिची बोटं थांबायची नाहीत. तंबाखू भरून पान वळलं की दोऱ्याचे वेढे, मग अंगठ्याच्या नखाने विडीचं तोंड दाबून बंद करायची. त्याचा अगदी बारीक आवाज व्हायचा. मी त्या आवाजावर झोपलेय आणि त्याच आवाजाने उठलेय.

पुढच्या महिन्यात आमच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयात नव्याने लिहिणाऱ्यांचं वाचन आहे. मैत्रीण मागे लागलीय. फॉर्म भरून ठेवलाय, पण द्यायला पाऊल उचलत नाही. शाळेत एका बाईंनी माझा निबंध वर्गात मोठ्याने वाचला होता आणि प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला थांबून "हे तेलुगूतलं मराठी" म्हणाल्या होत्या. वर्ग हसला. अजूनही काही लिहून झालं की पहिला तोच आवाज ऐकू येतो. नात्यातले लोक म्हणतील, घरातलं चव्हाट्यावर मांडलं. आणि मनातलं खरं सांगायचं तर, सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत, त्यात मी असं काय वेगळं लिहिलंय?

ज्यांनी आपलं लिहिलेलं लोकांसमोर वाचलंय, त्यांनी ही शंका कशी मागे सारली ते सांगाल का?

कडक_भाकरी

ताई, फॉर्म द्या. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक गोष्ट सांगते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिला असणार. प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांच्याच लक्षात आला होता. तुमचा एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर तो वाचताना कुणाला दिसणारही नाही.

आणि पानं पुठ्ठ्याला क्लिपने लावून न्या. सुटा कागद हातात असला की हाताची थरथर कागदाला लागते, कागद फडफडायला लागतो आणि तो आवाज ऐकून आपणच जास्त घाबरतो.

जुळारी

पोरी, मी सोलापुरातल्या एका छापखान्यात आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत मुद्रितं तपासली. त्यामुळे तुझ्या बाईंच्या विषयावर मला बोलू दे.

नावाजलेल्या लेखकांची, मराठीच्या प्राध्यापकांची हस्तलिखितं माझ्या टेबलावर यायची. बिनचूक असं एकही आठवत नाही. कुणी 'आणि' दीर्घ लिहायचं, कुणी 'पाणी' ऱ्हस्व. लाल शाईने समासात खूण करायची आणि पुढचं पान घ्यायचं. त्याचाच मला पगार मिळायचा. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो त्याचे 14 नियम 1962 साली आले, 1972 साली आणखी चार जोडले गेले. एकूण 18. त्याआधीचं एखादं पुस्तक वाचनालयात मागून बघ, आज चूक ठरतील असे अनुस्वार ओळीओळीला सापडतील. ते लिहिणारे अडाणी नव्हते. हे 18 नियम तू चार संध्याकाळींत वाचून काढशील. तेवढा वेळ नसेल तर कुणीही जाणता माणूस तासाभरात तुझी पानं नीट करून देईल. पण नखाने विडीचं तोंड बंद होतानाचा तो आवाज माझ्या लाल शाईतून कधीच उतरला नसता. तो ज्याने ऐकलाय त्यालाच लिहिता येतो.

माझ्या मते तुझ्या मनात दोन शंका एकमेकींत गुंतल्यात. लिहिलेलं बरोबर आहे का, ही एक. आणि मी कोण लिहिणारी, ही दुसरी. पहिलीचा निकाल लावता येतो. पानं कशी भिजवतात, फर्मा कसा धरतात, मजुरी कशी मिळते, हे विचारून, ताडून बघता येतं आणि बघायलाच हवं. त्यात कसर ठेवू नकोस. दुसरी शंका कुणी तपासून देऊ शकत नाही. तिच्या उत्तरासाठी थांबायचं ठरवलंस तर फॉर्म पिशवीतच राहील.

राहिल्या त्या हजारो बायका. 2006 साली आपल्या गावात मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते. सोलापुरात जन्मलेले, नोकरी वनखात्यातली. नवेगाव बांधसारख्या जंगलांत राहून जे पाहिलं, तिथल्या माणसांकडून जे ऐकलं ते त्यांनी मराठीत आणलं. तुझ्या आईच्या सुपातलं तेंदूपान तसल्याच जंगलांतून निघतं. जंगलाकडची बाजू मी भरपूर वाचलीय. तेच पान सोलापुरातल्या उंबऱ्यावर आल्यावर त्याचं पुढे काय होतं, ते त्या घरातल्या मुलीने लिहिलेलं माझ्या हातून फारसं गेलेलं नाही. इतक्या बायका हे काम करतात आणि तरी ते लिहिलेलं मिळत नाही, म्हणून मला तुझी पानं ऐकायची आहेत.

आणि हो, सभेत वाचायच्या आधी आईला वाचून दाखव. ती म्हणाली 'हे नको', तर तेवढं काढ. तिची हरकत नसेल तर नातेवाइकांना काय वाटेल याचा घोर तू कशाला करतेस?

उत्तर_कसबा

काकांचं बरंचसं पटलं, पण मी थोडं वेगळं सांगेन. पहिल्याच खेपेला इतकं जवळचं वाचू नका. मी वडिलांच्या आजारपणावरचं वाचलं होतं. कार्यक्रमानंतर एक गृहस्थ चहा पिताना सहज म्हणाले, "मध्ये जरा लांबलं." ते लिखाणाबद्दल बोलत होते, मला मात्र ते वडिलांबद्दल बोलल्यासारखं लागलं. त्यानंतर बरेच महिने वहीला हात लावला नाही. आधी कारखान्यातल्या कटिंगच्या टेबलावरचं काही वाचा. लोक काय बोलतात, आपल्याला किती लागतं, याचा अंदाज येतो. मग आईवरचं.

घरकुलातली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मध्येच थांबवून म्हणाली, "छाटचं का नाही लिहिलंस?" विड्या घेऊन गेल्यावर चेकर त्यातल्या काही बाजूला काढायचा, त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. वळायला तेवढाच वेळ, तेवढंच पान गेलेलं असायचं. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्याचे पैसे मिळतात. आई म्हणाली, ते नसेल तर ऐकणाऱ्याला वाटेल नुसतं बसून काम असतं, किती छान. नात्यातल्यांचं विचारलं तर म्हणाली, त्यांनीपण वळल्यात.

उत्तर कसबा, तुमचं म्हणणं डोक्यात आहे. पण आईने स्वतः भर घातल्यावर मला आता हेच वाचावंसं वाटतंय. फॉर्म आज दिला. छातीत धडधड आहेच.

काका, एक विचारायचंय. छाटच्या भागात आई आणि चेकर तेलुगूत बोलतात. ती वाक्यं देवनागरीत तशीच ठेवू की मराठीत करू?

जुळारी

तशीच ठेव. त्यानंतरच्या मराठी वाक्यात आई काय करते ते असं लिही की अर्थ आपोआप कळेल, वेगळा सांगायची गरज पडायला नको. वाचताना तिथे घाई करू नकोस. वाचनालय पूर्व भागातलं आहे, निम्म्या लोकांना तेलुगू कळत असेल. ते हसले तर हसू दे, त्यांचं झालं की पुढचं वाक्य वाच. छाटच्या विड्यांचं पुढे काय व्हायचं, तेही आईला विचारून घे.