मदत हवी आहे: आईला घेऊन क्योटोहून कोयासानला जायचंय (शाकाहार, गुडघे, सामान)

नमस्कार मंडळी,

मी आणि आई (वय ७१) सध्या जपानमध्ये आहोत. टोकियो झालं, आता क्योटोत मुक्काम आहे. परवा ओसाकाला जाऊ, तिथून एका रात्रीसाठी कोयासानला, आणि परतीचं विमान कान्साई विमानतळावरून आहे. कोयासान, म्हणजे डोंगरावरचं बौद्ध देवळांचं गाव, हा आईच्या दृष्टीने या सगळ्या प्रवासाचा गाभा. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली त्याचं अनावरण झालं, तेव्हापासून तिच्या मनात होतं. त्यामुळे तो टप्पा नीट पार पडावा म्हणून हा धागा.

सगळ्यात मोठा प्रश्न जेवणाचा. आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. टोकियोत फारसं अडलं नाही. निशी-कासाईला भरपूर भारतीय वस्ती आहे, तिथे डाळ-भात, पोळी सगळं मिळालं. क्योटोत मात्र अवघड जातंय. आम्ही 'मांस नाही, मासे नाही' असा जपानी मजकूर फोनवर दाखवतो, लोक अगदी मनापासून वाचतात, आत जाऊन विचारून येतात. काल एका छोट्या दुकानात असंच विचारून टोफू मागवला. आला तेव्हा त्यावर रंध्याखालच्या भुश्यासारखे पातळ, गुलाबीसर पापुद्रे होते आणि ते वाफेने हलत होते. वाळवलेला बोनिटो मासा! वाढणाऱ्या काकूंच्या लेखी तो वरून भुरभुरवायचा मसाला. त्यांनी लगेच ताट बदलून दिलं, पण खालच्या रश्शातही तोच मासा होता. आईने कोरा भात आणि लोणचं खाल्लं.

दुकानांत ॲलर्जीचे तक्ते असतात, पण त्यांचाही उपयोग नाही. त्यांत अंडी, दूध, कोळंबी, खेकडा, बांगडा, सामन वगैरे असतात, बोनिटो त्या यादीतच नाही. कॅमेऱ्याने भाषांतर करून पाकिटावरचे सगळे घटक वाचावे लागतात. उमेबोशीची (खारवलेलं आंबट, आलुबुखारासारखं फळ) ओनिगिरी (भाताचा गोळा) चालेल असं वाटलं होतं, तर काही ब्रँडच्या उमेबोशीतही बोनिटोचा अर्क निघाला.

बाकी शहर फिरणं छान चाललंय. क्योटोच्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे टाकायचे, भाडं सरसकट २३० येन. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, हजाराची नोट आधी शेजारच्या यंत्रात मोडून घ्यायची. आता आईच मला आठवण करून देते. सान्जूसानगेन्दो देवळाचा लांबच लांब सभामंडप तिला सर्वांत आवडला. चपला बाहेर काढायच्या, सपाट लाकडी जमीन, जिने नाहीत, आणि समोर कान्नोनच्या (म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या) १००१ मूर्ती. त्यांच्या पुढे २८ रक्षक देवता आहेत. त्यातल्या एका हाडकुळ्या, काठी टेकलेल्या म्हाताऱ्यापाशी आई थांबली आणि म्हणाली, "हा तर आपल्याकडचा ऋषी दिसतोय." तो वसू ऋषीच आहे, आणि त्याच रांगेत ब्रह्मा आणि इंद्रही आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका परीने बरंच. आम्ही दोघी तिथे कितीतरी वेळ नुसत्या बघत होतो.

आता प्रश्न:

कोयासानला देवळातच राहणार आहोत. तिथलं जेवण खरंच पूर्ण शाकाहारी असतं का, की तिथेही माशाचा रस्सा वापरतात? आईला मांडी घालून बसता येत नाही आणि जमिनीवरच्या गादीवरून उठणं फार त्रासाचं होतं. आधी कळवून खुर्ची मिळते का? दोन मोठ्या बॅगा आहेत, त्या डोंगरावर न्यायच्या नाहीत, तर काय करावं? आणि ओकुनोइनला (तिथलं जुन्या दफनभूमीतलं समाधीस्थळ) दोन किलोमीटर चालावं लागतं असं वाचलं. तिला एका दमात तेवढं जमणार नाही.

पुतळा बघायला विद्यापीठाची परवानगी लागते का, हेही कोणी सांगितलं तर फार बरं होईल. तिकडे जाऊन फाटकावरून परत यायला लागू नये एवढंच.

आगाऊ धन्यवाद.

---

कोबेकर:

देवळातल्या जेवणाची अजिबात काळजी करू नका. ते शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण. रस्सा कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचा. कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासासारखंच. तिळाचा गोमादोफू आणि गोठवून वाळवलेला कोयादोफू नक्की मिळेल, दोन्ही तिथली खासियत.

क्योटो-ओसाकासाठी नुसतं 'मासे नाही' पुरत नाही, रश्शाचं नाव घ्यावं लागतं. हे दाखवा: "निकु, साकाना, कात्सुओदाशी वा ताबेरारेमासेन. कोम्बुदाशी वा दाइजोबु देसु." (मांस, मासे, बोनिटोचा रस्सा खाता येत नाही. कोम्बूचा रस्सा चालतो.)

बॅगा क्योटोच्या हॉटेलातूनच ओसाकाच्या हॉटेलवर ताक्क्यूबिनने (सामान पोचवणारी कुरियर सेवा) पाठवा. काउंटरवर फॉर्म भरायचा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. काळ्या मांजरीचं चिन्ह दिसेल तीच सेवा. वर जाताना फक्त एक रात्रीची पिशवी.

पायवाट:

मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते. खुर्ची-टेबल बऱ्याच देवळांत आता ठेवतात, पण आजच मेल करा आणि गाद्या एकावर एक दोन घालायला सांगा, उठणं पुष्कळ सोपं होतं. शक्यतो तळमजल्यावरची खोली मागा.

ओकुनोइनला इचिनोहाशी पुलापासून सुरुवात करू नका. बसने ओकुनोइन-माए थांब्याला उतरा, तिथून अंतर निम्म्यावर येतं. गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो आणि खाणं-पिणं बंद. केबल कारच्या स्टेशनवरून गावात जायला बसच घ्यावी लागते, त्या रस्त्याने पायी जायला मनाई आहे. आणि थंडीचे कपडे हवेतच. वर साधारण ८०० मीटरची उंची आहे, ओसाकाच्या हवेवरून अंदाज बांधू नका.

पुतळा विद्यापीठाच्या आवारात आहे. तुम्ही राहाल त्या देवळातल्या भिक्षूंनाच विद्यापीठात फोन करायला सांगा. तुमच्या मेलपेक्षा त्यांच्या एका फोनने काम लवकर होईल. सुट्टीचा दिवस टाळा.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. देवळाला मेल टाकला होता, उत्तर आलंही. खुर्ची मिळणार, खोली तळमजल्यावर. विद्यापीठाबद्दलही ते विचारून ठेवतो म्हणाले. आईला वाचून दाखवलं, तेव्हापासून ती निळी साडी बॅगेत न घालता हातपिशवीत ठेवायला सांगते आहे.

एकच राहिलं. सकाळची प्रार्थना नाश्त्याच्या आधी असते म्हणे, आणि आईच्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत. खोलीत काही खाल्लं तर चालतं का?

पायवाट:

बिनधास्त खा. खोलीत गरम पाण्याचा थर्मास आणि हिरवा चहा ठेवलेला असतो. केळी ओसाकाच्या नांबा स्टेशनलाच घेऊन ठेवा, वरची दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात. सालं मात्र पिशवीतून परत आणावी लागतील, रस्त्यात कचऱ्याचे डबे सापडत नाहीत.